पॉम्पेईचा जलकुंभ: तीन पाइप नेमके कुणासाठी?

इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराच्या उत्तर टोकाला, व्हेसुव्हिओ दरवाजाला खेटून, विटांची एक ठेंगणी इमारत उभी आहे. दर्शनी भिंतीत बंद कमानी, मागे जुना तट. माहीत नसलेल्याला ती पहाऱ्याची चौकी वाटावी. रोमन लोकही छोट्या किल्ल्याला आणि पाणी वाटणाऱ्या टाकीला ‘कास्तेल्लुम’ असंच म्हणत. ही इमारत दुसऱ्या प्रकारातली. दरवाजाजवळच्या उत्खननात 1902 साली ती उजेडात आली आणि तेव्हापासून पाणीपुरवठ्याच्या इतिहासात एका वादाचं केंद्र होऊन बसली. वाद साधा आहे: शहरात येणारं पाणी इथे तीन वाटांनी फुटत होतं, त्या तीन वाटा कुणासाठी होत्या?

हा प्रश्न पुराणवस्तूंच्या हौसेपुरता नाही. पाणी कमी पडलं की आधी कुणाचं बंद करायचं, हा निर्णय रोमन लोकांनी बांधकामातच घालून ठेवला होता, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते खरं असेल तर मोठीच गोष्ट आहे. वॉल्व्हमनच्या मर्जीवर, नगरसेवकाच्या फोनवर काही उरत नाही. पाण्याची पातळी उतरली की दगडच न्याय करतो. हे ऐकायला इतकं चांगलं वाटतं की तेवढ्यासाठीच ते तपासून पाहायला हवं.

जागा

पॉम्पेई लाव्हाच्या एका जुन्या पठारावर वसलेलं आहे आणि ते पठार उत्तरेकडून दक्षिणेला चांगलंच उतरतं. व्हेसुव्हिओ दरवाजाजवळची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण 42 मीटरवर, तर दक्षिणेचा स्ताबिया दरवाजा जेमतेम 8 मीटरवर. दोन्ही दरवाजे जोडणारा सरळ रस्ता म्हणजे व्हिया स्ताबियाना, लांबी पाऊण किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरात 34 मीटर उतार.

उंचीची हीच जागा आधी लष्करी महत्त्वाची होती. इ.स.पू. 89 मध्ये रोमन सेनापती सुल्लाने शहराला वेढा घातला तेव्हा मारा याच उत्तर बाजूने झाला. गोफणीच्या आणि यंत्रांच्या गोळ्यांचे खळगे तटाच्या या भागावर अजून दिसतात. पुढे सुल्लाने आपले निवृत्त सैनिक इथे वसवले, इटलीत आतल्या आत लढाया होण्याचे दिवस सरले आणि तटाचं काम संपलं. समुद्राच्या बाजूला तर लोकांनी तटावरच घरं चढवली. उत्तरेला तटालगतच्या उंच जागेवर पाण्याची इमारत आली. बचावाला जी जागा लागते तीच गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या पाणीपुरवठ्याला लागते, यात नवल काही नाही.

त्याआधी शहर पावसाच्या पाण्यावर आणि विहिरींवर होतं. घराच्या मधल्या दालनाचं छप्पर आतल्या बाजूला उतरतं, मध्यभागी उघडं असतं, खाली उथळ हौद आणि त्याखाली साठवणीची टाकी. विहिरी खणायच्या तर लाव्हाचा थर फोडून पंचवीस-तीस मीटर खाली जावं लागे. अशा विहिरी मूठभरच झाल्या. कालव्याचं पाणी आलं ते सम्राट ऑगस्टसच्या काळात, त्याचा सेनापती आग्रिप्पाच्या देखरेखीखाली बांधलेल्या सेरिनोच्या कालव्याशी जोडून. हा कालवा अपेनाइन डोंगरातल्या झऱ्यांपासून निघून नेपल्सच्या आखाताला वळसा घालत मिसेनुमच्या आरमारी बंदरापर्यंत जातो. मुख्य मार्ग सुमारे 96 किलोमीटर. त्याच्या शेवटी पिस्चिना मिराबिलिस नावाची 48 खांबांची प्रचंड भूमिगत टाकी आहे. पॉम्पेईला आलेली ती एक शाखा. (पॉम्पेईत सेरिनोच्या आधी आवेल्ला गावाकडचं पाणी येत होतं, असं अभ्यासक क्रिस्टोफ ओलिग यांनी जलकुंभातल्या चुन्याच्या थरांवरून मांडलं आहे. सगळ्यांना ते मान्य नाही, पण आपल्या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही.)

आत काय आहे

बाहेरून भिंती सरळ, आत मात्र घुमटाखाली गोल खोली. कालव्याचा अरुंद पाट उत्तरेकडून आत येतो आणि एकदम रुंद, उथळ कुंडात पसरतो. वेगाने आलेलं पाणी इथे शांत होतं. पुढे दोन बुटक्या भिंतींनी कुंडाचे तीन भाग केले आहेत आणि दर्शनी भिंतीच्या पायथ्याशी तीन भोकं आहेत. तिथून शिशाचे तीन पाइप शहरात जात. मधलं भोक बाजूच्या दोघांपेक्षा थोडं मोठं.

इथे आपल्याकडच्या वाचकाचा एक समज आधी बाजूला ठेवला पाहिजे. टाकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साठा येतो: रात्री भरायची, सकाळी सोडायची. पॉम्पेईच्या जलकुंभात साठा जवळपास नाहीच. रोमन शहरात पाणी चोवीस तास वाहतं असे. सार्वजनिक कारंजी-हौदांना तोटी नव्हती, धार अखंड चालू. हौद भरून वाहिला की पाणी रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात. रोमचा जलप्रमुख फ्रॉन्टिनस तर हे सांडपाणी शहराच्या स्वच्छतेसाठी आणि गटारं धुऊन निघण्यासाठी हवंच, असं नोंदवतो. पॉम्पेईत रस्ता ओलांडायला मधोमध उंच दगड ठेवलेले दिसतात, त्याचं एक कारण हेच. तेव्हा जलकुंभाचं काम साठवणं नव्हे, वाटणं. आपल्या पाणीपुरवठा खात्याच्या भाषेत ही ईएसआर, म्हणजे उंचावरची साठवण टाकी नाही, हा विभाजन हौद आहे.

पुस्तकातला नकाशा

जलकुंभ सापडण्याच्या कितीतरी आधीपासून विद्वानांच्या हातात रोमन वास्तुकार विट्रुव्हियस होता. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या वास्तुशास्त्रावरच्या ग्रंथाच्या आठव्या भागात तो सांगतो: कालवा तटापाशी पोचला की कास्तेल्लुम बांधा, त्याला लागून तीन कप्पे करा, तीन पाइप सोडा. मधल्या कप्प्यातून सार्वजनिक हौद आणि कारंजी. दुसऱ्यातून स्नानगृहं, ज्यांच्यापासून नगराला दरवर्षी उत्पन्न मिळतं. तिसऱ्यातून खाजगी घरं, म्हणजे सार्वजनिक पाणी कमी पडणार नाही. बाजूचे कप्पे भरून वाहिले की जादा पाणी मधल्यात यावं. खाजगी जोडणीवाल्यांनी पट्टी भरायची आणि त्यातून कालव्याची देखभाल व्हायची.

मग 1902 साली पॉम्पेईत तीन भोकांचा कुंभ निघाला. तीन आणि तीन जुळले. जर्मन अभियंते फ्रिट्झ क्रेट्झ्‌मर यांनी पुढे त्यावर देखणी मांडणी केली: तीन वाटांच्या तोंडाशी वेगवेगळ्या उंचीचे बांध होते, सार्वजनिक हौदांचा सर्वांत खाली, खाजगी घरांचा सर्वांत वर. पाणी भरपूर असेल तेव्हा तिघांना मिळेल. पातळी उतरली की आधी श्रीमंतांची घरं कोरडी पडतील, मग स्नानगृहं, आणि रस्त्यावरचा हौद अगदी शेवटपर्यंत वाहत राहील. माहितीपटांत, मार्गदर्शकांच्या तोंडी, अभियांत्रिकीच्या प्रास्ताविकांत ही गोष्ट अजून फिरते आहे.

मला ती पटत नाही. कारणं जलकुंभात नाहीत, रस्त्यात आहेत.

रस्त्याखालचा पुरावा

विट्रुव्हियसचं ऐकायचं तर शहरभर पाइपांची तीन स्वतंत्र जाळी हवीत. हौदांचं एक, स्नानगृहांचं एक, घरांचं एक, तीनही पदपथाखालून शेजारी-शेजारी जाणारी. खर्चाचा विचार करा. शिशाचा पाइप म्हणजे ओतलेला पत्रा गोल वळवून, वरची शिवण शिशानेच सांधून केलेला. छेद नासपतीच्या फळासारखा, एका बाजूला निमुळता. असा पाइप तिप्पट लांबीचा टाकायचा, तोही स्नानगृहं मोजकी असलेल्या गावात. पॉम्पेईचा दोन-तृतीयांश भाग उकरून झाला आहे आणि अशी तिहेरी व्यवस्था कुठे दिसत नाही. दिसतं ते वेगळंच: जलकुंभातून निघालेले मोठे पाइप वेगवेगळ्या दिशांना जातात आणि वाटेत जागोजाग उंच खांबांवर चढतात.

हे खांब या प्रकरणाचा खरा नायक आहेत, आणि पर्यटक नेमके त्यांच्याकडे पाहत नाहीत. साधारण सहा मीटर उंचीचे विटा-दगडांचे चौकोनी बुरूज, बहुतेक चौकाच्या कोपऱ्यावर, असे चौदाच्या आसपास माहीत आहेत. अंगाला उभी खाच. एका पाइपाने पाणी वर चढायचं, माथ्यावरच्या शिशाच्या उघड्या टाकीत पडायचं आणि दुसऱ्या पाइपांनी खाली उतरून आसपासच्या हौदांना आणि घरांना जायचं. काही बुरुजांच्या अंगावर चुनखडीचे जाड ओघळ गोठलेले आहेत, म्हणजे माथ्यावरची टाकी वरचेवर भरून वाहत होती.

हा खटाटोप कशासाठी? ज्याने डोंगराळ गावाची नळयोजना केली आहे त्याला उत्तर सांगावं लागत नाही. जलकुंभातून निघालेला पाइप बंद ठेवून थेट स्ताबिया दरवाजापर्यंत नेला तर तळाशी 34 मीटरचा दाब, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 3.4 किलो. सांधलेल्या शिशाच्या शिवणीला तो भारी. वाटेत पाणी उघड्या टाकीत पाडलं की आधीचा दाब तिथेच मोडतो आणि पुढच्या टप्प्याला फक्त त्या बुरुजाच्या उंचीचा दाब उरतो. आपल्या ग्रामीण योजनांच्या अंदाजपत्रकात बीपीटी म्हणून जे बांधकाम येतं, ब्रेक प्रेशर टँक, ते हेच. आणखी एक जुळणी मला गमतीची वाटते. आपल्याकडच्या 1999 च्या केंद्रीय नियमावलीत एकमजली घरासाठी जोडणीच्या जागी किमान सात मीटर दाब धरला होता. पॉम्पेईचा बुरूज सहा मीटरचा. नियम माहीत नसताना अनुभवाने माणसं तिथेच येऊन पोचतात.

आता मूळ प्रश्नाकडे. एकाच बुरुजाच्या टाकीतून रस्त्यावरचा हौदही भरत असेल आणि शेजारच्या घराची बागही, तर जलकुंभातल्या तीन वाटांचा अर्थ ‘तीन वर्ग’ असा उरत नाही. एक पाइप बंद पडला की त्या दिशेचे सगळेच कोरडे: हौद, घरं, सगळे. म्हणून तीन पाइप म्हणजे शहराचे तीन भाग, असं मानणं सरळ आहे. ओलिग यांच्यासह अलीकडच्या बऱ्याच अभ्यासकांचा कल इकडेच आहे. आपण ज्याला झोन म्हणतो ते.

बाहेरचा पुरावाही याच बाजूचा. फ्रान्समधल्या नीम शहरात 1844 साली असाच वाटप-कुंभ सापडला, पाँ द्यू गारच्या प्रसिद्ध पुलावरून येणाऱ्या कालव्याच्या शेवटी. तिथे उघडं गोल कुंड आहे आणि त्याच्या भिंतीत सुमारे 40 सेंटिमीटरची दहा भोकं, शिवाय तळाला कुंड रिकामं करण्याची सोय. तिथे तिघांची वाटणी बसवायची तर आकडे ओढूनताणून जुळवावे लागतात. दहा भोकं ही दहा दिशांची गरज आहे.

मग प्राधान्य कुठे होतं?

विट्रुव्हियस खोटं बोलत होता, असं म्हणायची गरज नाही. तो शिफारस करत होता. तांत्रिक पुस्तकांत जे ‘करावं’ म्हणून लिहिलेलं असतं ते दोन हजार वर्षांनी ‘करत असत’ म्हणून वाचलं गेलं. आमच्या खात्यात मंजूर आराखडा एक आणि प्रत्यक्ष जोडण्या दुसऱ्या, हे पाहिलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटू नये.

तरी त्याच्या मनातला क्रम रोमन समाजात होताच, तो दुसऱ्या मार्गाने राबत होता. पॉम्पेईत चाळीसहून अधिक सार्वजनिक हौद सापडले आहेत. व्हेसुव्हियसच्या काळ्या दगडाच्या चार जाड फळ्या, लोखंडी आकडे शिशाने पक्के केलेले, आणि धार सोडणारा एक कोरीव दगड. बहुतेक घरांपासून शे-सव्वाशे पावलांत हौद. दहा-बारा हजार वस्तीच्या गावाला ही सोय छोटी नाही. प्यायचं-स्वयंपाकाचं पाणी बहुसंख्य लोक इथूनच भरून नेत. हौदांच्या काठावर मधोमध झीज झाली आहे, हात टेकून वाकल्यामुळे.

यातल्या एका हौदावर हातात समृद्धीचं शिंग घेतलेली स्त्री कोरली आहे. मूळ देवता कोंकॉर्दिआ, पण उत्खनन करणाऱ्यांनी तिला ‘समृद्धी’ समजून रस्त्यालाच ‘व्हिया देल्लाब्बोन्दांझा’ नाव दिलं. मराठी वाचकाला हा रस्ता दुसऱ्या एका कारणाने ठाऊक असायला हवा: त्याच्याच लगतच्या एका घरात 1938 साली हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी नातं सांगणाऱ्या मूर्ती आपल्याकडे भोकरदन आणि तेर इथे मिळाल्या आहेत. सातवाहनांच्या मुलखातला माल या हौदावरून गेला असणार, हा विचार मला तरी आवडतो.

खाजगी जोडणी ही मुख्यतः ऐपत दाखवण्याची गोष्ट होती. व्हेत्ती बंधूंच्या घरात खांबांच्या ओवरीतल्या बागेत डझनभर पुतळ्यांतून पाण्याच्या धारा उडत. पाहुणा दारातून आत आला की ते दिसलं पाहिजे, हा उद्देश. अशा घरांतही खाली पावसाच्या पाण्याच्या टाक्या जपलेल्या असत. नळाचं पाणी शोभेला, टाकीचं पाणी भरवशाला. टंचाईत खाजगी धार आधी थांबली तर कुणी तहानेने मरणार नव्हतं.

आणि ही जोडणी हक्क नव्हे, परवाना होती. रोमबद्दल फ्रॉन्टिनस हे अगदी बारकाईने लिहितो. इ.स. 97 मध्ये तो जलप्रमुख झाला. पाणी मंजूर झालं तरी ते मुख्य कालव्यातून काढता येत नसे, कास्तेल्लुममधूनच घ्यावं लागे. टाकीच्या भिंतीत ठरलेल्या मापाची, शिक्का मारलेली कांस्याची नळी बसवायची, किमान बारा अंगुळं लांब, म्हणजे पुढे मोठा पाइप जोडून जास्त ओढता येऊ नये. घर विकलं की परवाना संपला, नव्या मालकाने नवा काढायचा. त्याच्या मोजदादीत रोमच्या सगळ्या कालव्यांवर मिळून 247 वाटप-टाक्या होत्या.

इतकं असून चोरी चालेच. मोठ्या मापाच्या नळ्या, शिक्का नसलेल्या नळ्या, टाकीत वेगवेगळ्या उंचीवर बसवलेल्या नळ्या (खालच्याला जास्त पाणी, हे तेव्हाच्या नळकाऱ्यांना चांगलं कळत होतं). रस्त्याखाली जागोजाग पाइपांना भोकं पाडून दुकानांना पाणी विकणारा एक कर्मचारी होता. ‘भोकवाला’ अशा अर्थाच्या नावानेच तो ओळखला जाई, आणि फ्रॉन्टिनस त्याच्यावर चिडून लिहितो. ही भोकं बुजवल्यावर निघालेलं शिसं किती आलं, हेही तो हिशेबात धरतो. अस्सल खातेप्रमुख!

म्हणजे प्राधान्य दगडात नव्हतं, परवान्यात होतं. आणि तो पाळला जातो का, हे पाहायला माणसं लागत होती. क्रेट्झ्‌मर यांच्या मांडणीत नेमकं हेच गळून पडतं.

एक मोठी अडचण

पॉम्पेईचा अभ्यास करताना एक खबरदारी घ्यावी लागते. आपल्याला दिसतं ते इ.स. 79 चं गाव, आणि ते गाव दुरुस्तीत होतं. इ.स. 62 साली (सेनेकाच्या हिशेबाने 63) मोठा भूकंप झाला. कैचिलिउस युकुंदुस या सावकाराच्या घराशी निगडित असलेल्या संगमरवरी पट्ट्यांवर तो कोरला आहे: एकीवर चौकातलं मुख्य देऊळ तिरकं झालेलं, दुसरीवर व्हेसुव्हिओ दरवाजा कलंडलेला आणि शेजारी आपली जलकुंभाची इमारत. पाणीवाटपाच्या टाकीचं समकालीन शिल्प दुसरीकडे क्वचितच मिळेल.

भूकंपाने जमीन हलली की गुरुत्वाकर्षणावरच्या योजनेचं सगळं गणित हलतं. पाटाचे उतार बदलतात, शिवणी उसवतात. पुरातत्त्वज्ञ साल्वातोरे नाप्पो यांनी शहराच्या अनेक भागांत पदपथालगत खणलेले चर नोंदवले. ते चर मातीने बुजवलेले नव्हते. त्यांत थेट 79 सालच्या उद्रेकाची हलकी खडी भरली होती. म्हणजे स्फोट झाला त्या दिवशी चर उघडे होते, जुने पाइप काढलेले, नवे टाकायचे बाकी. काही ठिकाणी पाइप जमिनीवरच, पदपथाच्या कडेने तात्पुरते नेलेले सापडले.

याचा आपल्या निष्कर्षावर परिणाम होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी. तिहेरी जाळं 79 साली दिसत नाही म्हणून ते ऑगस्टसच्या काळात कधीच नव्हतं, असं छातीठोक म्हणता येत नाही. काही पाइप नव्या आखणीचे आहेत. पण बुरूज जुने आहेत. त्यांच्या अंगावरचे चुन्याचे जाड थर चार-दोन वर्षांत साचत नाहीत, आणि बुरूज ज्या व्यवस्थेचा भाग आहेत ती दिशांची आहे, वर्गांची नाही. म्हणून दिशांची बाजू मला भक्कम वाटते. जलकुंभातल्या बुटक्या भिंतींच्या उंचीवरून वाद घालण्यापेक्षा प्रत्येक बुरुजापासून कोणकोणत्या दारांपर्यंत पाइप गेला, हे घरागणिक मांडणं जास्त फलदायी आहे, आणि पदपथाखालच्या ज्या पाइपांच्या नोंदी झाल्या आहेत त्यांवर ते काम करता येतं.